दोघांना एकेक

आमच्या घरात मोठ्या आवाजात भांडण कधी झालं नाही. कोल्हापुरात राहून हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही, कारण आमच्या गल्लीत साधी विचारपूस करायची झाली तरी माणसं या टोकाला उभी राहून त्या टोकाला ऐकू जाईल अशी करत. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीत लाकडी पॅटर्न करायचे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडात जो नमुना करतात, तो. स्वतःचा छोटा कारखाना होता, हाताखाली दोन माणसं होती आणि दिवसभर रंध्याचा आवाज. घरी आले की त्यांच्या भुवयांवर सागवानाचा बारीक भुसा बसलेला असायचा आणि माझी धाकटी बहीण सुमती, आमची सुमी, त्यांच्या मांडीवर चढून तो फुंकरीनं उडवायची. आम्ही जैन, त्यामुळं जेवण दिवस मावळायच्या आत. आत्या, अण्णांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची. ती दारात उभी राहून एकदा मावळतीकडं आणि एकदा रस्त्याकडं बघत राहायची. अण्णांची स्कूटर वळली की आत जाऊन ताटं करायची. ज्वारीची गरम भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी दह्यात कालवलेला भात. सगळ्यांनी एका ओळीत बसून, फारसं न बोलता जेवायचं. त्या ओळीत सुमी माझ्या डाव्या बाजूला असायची. तिला चटणी तिखट लागायची, पण टाकलेलं आत्याला चालायचं नाही, म्हणून ती हळूच माझ्या ताटात सरकवायची.

आई प्राथमिक शिक्षिका होती. जिल्हा परिषदेची शाळा, त्यामुळं बदली आज ना उद्या होणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती चंदगडला होईल असं कुणी धरलं नव्हतं. चंदगड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. एसटीनं गेलं की दिवस तिथंच संपायचा. बदलीची बातमी आईनं जेवताना सांगितली. आत्या म्हणाली, "सोड की मग नोकरी. कशाला पायजे? अण्णाचं बरं चाललंय." आईनं ताटं उचलली. नंतर भांडी आवरताना अण्णा तिला म्हणाले, "अक्का म्हणती ते काय खोटं हाय व्हय?"

"तुम्ही या की कारखाना सोडून चंदगडला," आई म्हणाली.

अण्णा हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. आई हातातलं पातेलं पुसत म्हणाली, "मी हसायसाठी नाही म्हणाले." मला वाटतं, आमचं घर त्या वाक्यापाशी तुटलं. पुढं जे कोर्टात गेलं ते नुसतं त्याचं कामकाज होतं. आईला नोकरी हवी होती ती पगारासाठी नव्हे. वर्गात उभी राहिली की ती वेगळी बाई व्हायची, आवाज मोकळा व्हायचा, हे मी तिच्या शाळेत बसून पाहिलेलं होतं. आणि अण्णा वाईट नव्हते. त्यांच्या ओळखीत असं काही कुणी केलेलं नव्हतं, एवढंच.

आई आम्हा दोघींना घेऊन चंदगडकडच्या त्या गावी गेली. तिथलं एक वर्ष माझ्या डोक्यात सलग पावसासारखं आहे. कपडे वाळायचे नाहीत म्हणून आई चुलीच्या वर दोरी बांधायची आणि आमच्या फ्रॉकना वर्षभर धुराचा वास यायचा. भाकरी नाचणीची. सकाळी तांदळाची पेज आणि त्यात मीठ. काजूची बोंडं पिकली की सगळ्या वाटेला आंबूस वास सुटायचा. आम्ही दोघी एका घोंगडीत झोपायचो. सुमी पावसाला भ्यायची. म्हणजे विजेला नाही, कौलांवरच्या नुसत्या आवाजाला. मी तिच्या कानावर हात ठेवायची आणि ती तशीच झोपून जायची. माझा हात अवघडायचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला आलो, आणि सुट्टी संपली तरी अण्णांनी आम्हाला परत पाठवलं नाही. गल्लीजवळच्या शाळेत नावं घातली. आई एसटीनं आली, दारात उभी राहिली. आत्यानं तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण मुलींचं नाव काढलं की अण्णा म्हणायचे, "पावसात आजारी पडत्यात पोरी. हितंच ऱ्हाऊदेत." आई जेवली, हात धुतला आणि एकटीच परत गेली. पुढच्या महिन्यात कोर्टाचं समन्स आलं. आईनं घटस्फोट मागितला होता आणि आम्हा दोघींचा ताबा. अण्णांनीही वकील गाठून उलट अर्ज केला. त्यांनाही आम्हा दोघींचाच ताबा हवा होता.

ताबा हा शब्द मी तोपर्यंत शेतासाठी ऐकला होता. हातकणंगले तालुक्यात आमच्या चुलत्यांची बांधावरून कटकट चालू होती, तिथं तो सारखा यायचा. कुणाचा ताबा, कधीपासूनचा ताबा. आता तोच शब्द आमच्यासाठी. त्याहून अवघड दुसरा एक होता. अण्णांचे वकील अर्ज वाचून दाखवत होते आणि त्यात माझ्या नावापुढं 'अज्ञान' असं लिहिलेलं होतं. सुमीच्याही. मी वर्गात पहिली-दुसरी यायची, त्यामुळं मला ते फार लागलं. घरी येऊन आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "ल्हान हाईस म्हणून लिवलं आसंल." ती बरोबर होती. वयानं लहान माणसाला कोर्टाच्या मराठीत अज्ञान म्हणतात. पुढं वकिलीत मी स्वतः हा शब्द किती अर्जांत लिहिला त्याला गणती नाही, आणि तो लिहिताना दर वेळी माझं पेन जरासं अडायचं. अशिलाला वाटायचं, मॅडम काहीतरी आठवतायत.

खटला बरेच महिने चालला. एक दिवस आम्हाला घेऊन या असा निरोप आला. आत्यानं आम्हाला सारखे फ्रॉक घातले, केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. कोर्टात आई लांबच्या बाकावर बसली होती. सुमी पळत तिच्याकडं गेली आणि मी मधेच थांबले, कारण अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी तो दाबला नव्हता, नुसता ठेवला होता. मग आम्हाला एकेकीला न्यायाधीशांच्या खोलीत बोलावलं. सुमी आधी गेली आणि लगेच बाहेर आली. रडत होती, हातात बिस्कीट होतं.

न्यायाधीश वयस्कर होते, तिकडं पुण्याच्या बाजूचे असावेत. फार प्रेमानं बोलले. शाळा कुठली, आवडता विषय कुठला, असं विचारून झाल्यावर त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "बाळ, तुला आईकडे राहायला आवडेल की वडिलांकडे? घाबरायचं नाही. जे मनात असेल ते सांग."

मी म्हणाले, "मी सुमीसंगं ऱ्हातो."

आमच्याकडं मुलीही जातो-येतोच म्हणतात. त्याचं त्यांना हसू आलं. "तसं नाही. आईकडे की वडिलांकडे?"

"सुमी जिकडं आसंल तिकडं."

"पण सुमती कुठे राहील ते अजून ठरलेलं नाही ना," ते म्हणाले. "समजा, तुला एकटीला निवडायचं आहे. मग?"

मला तो प्रश्नच कळला नाही. एकटीला कशाला निवडायचं? त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मलाही बिस्कीट दिलं. बाहेर आले तेव्हा मला वाटत होतं की आपण नीट सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते. आता आम्ही कुठंही गेलो तरी दोघी जाणार, याची मला खात्री होती. तसं मी सुमीला सांगितलंही. ती रडायची थांबली आणि आम्ही पायरीवर बसून बिस्किटं खाल्ली.

निकालाच्या दिवशी अण्णांनी मला बरोबर नेलं. वकिलांचं ऑफिस कोर्टासमोरच्या माडीवर होतं, जिना अरुंद, भिंतीला पानाचे डाग. निकाल इंग्रजीत होता आणि वकीलसाहेब तो वाचत मराठीत सांगत गेले. दोन्ही पालक सुशिक्षित आहेत. दोघांचं अपत्यांवर प्रेम आहे. दोघांच्या वर्तनात खोट काढावी असं काही दिसत नाही. तेव्हा दोन्ही मुलींचा ताबा एकाच पक्षाला देणं दुसऱ्या पक्षावर अन्याय होईल. उभय पक्षांना समान न्याय मिळावा म्हणून थोरल्या मुलीचा ताबा वडिलांकडं आणि धाकटी वयानं फार लहान असल्यानं तिचा ताबा आईकडं. सुट्ट्यांत उलट. म्हणजे सुट्टीचा अर्धा काळ थोरली आईकडं आणि तेवढाच काळ धाकटी वडिलांकडं.

"एकदम फेअर निकाल लागलाय, अण्णा," वकीलसाहेब चष्मा काढत म्हणाले. "कुणीच हरलं न्हाई. असा निकाल मी फार कमी बघितलाय."

अण्णा म्हणाले, "दोघींना येगळं केलं व्हय?"

"मग काय करणार? दोघं पण चांगले. एकाला दोन आणि एकाला शून्य, हे बरं दिसतंय काय?"

मी मधे बोलले. एरवी मोठ्यांच्या मधे बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. "पण मी सायबांना सांगितलं हुतं. सुमीसंगं ऱ्हातो म्हणून."

वकीलसाहेबांनी पानं मागं उलटली. त्यांनी शोधलं, हे मला अजून आठवतं. उडवून लावलं नाही. बोटानं ओळ धरून ते म्हणाले, "हितं लिहिलंय. थोरल्या मुलीनं निश्चित अशी पसंती व्यक्त केली नाही."

"केली की."

"बाळ, पसंती म्हणजे आई नायतर वडील. तिसरं काय सांगितलं तर ते पसंतीत धरत न्हाईत."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी निकालाची घडी केली आणि ते जिना उतरायला लागले. स्कूटरवर मी त्यांच्या मागं बसले. वाटेत एका गाडीपाशी थांबून त्यांनी मला पेरू घेऊन दिला. मी तो घरापर्यंत हातात धरून नेला.

मी पुढं कायदा शिकले तो या निकालावर राग धरून, असं लोकांना वाटतं. माझ्या मुलांनाही तसंच वाटतं. पण निकाल लिहिणाऱ्यावर मला राग धरता आला नाही. वकिली सुरू केल्यावर मी तशी बरीच प्रकरणं चालवली आणि मला दिसलं की त्यात कुणी चूक केलेली नव्हती. कोर्टापुढं दोन पक्षकार होते. न्याय त्या दोघांत करायचा होता, आणि तो त्या दोघांत अगदी सारखा झाला. आम्ही दोघी पक्षकार नव्हतो. ज्याच्यावरून वाद आहे, ते आम्ही होतो. वाद संपल्यावर जमीन विचारत नाही की माझे दोन तुकडे का केले. पुढं पुढं काही न्यायाधीश भावंडांचं विचारायचे, ती एकत्र राहतील असं बघायचे, आणि तसा हुकूम झाला की मी कोर्टाबाहेर येऊन थोडा वेळ नुसती उभी राहत असे. पण समान आणि न्याय हे दोन शब्द शेजारी दिसले की आजही मला बरं वाटत नाही.

निकालानंतर आई येऊन सुमीला चंदगडला घेऊन गेली होती. पहिली अदलाबदल मे महिन्यात झाली. अदलाबदल हा आत्याचा शब्द. दोन्ही वकिलांनी मिळून ठरवलं होतं की गडहिंग्लजच्या स्टँडवर, म्हणजे साधारण मधल्या गावात, एकाच दिवशी दोन्ही मुली आणायच्या. आईनं सुमीला आणायचं, अण्णांनी मला. तिथून मी आईबरोबर वर जायचं, सुमीनं अण्णांबरोबर खाली यायचं. अण्णांनी कारखान्यात बसून सुमीसाठी सागवानाची भातुकली केली होती. जातं, पोळपाट, एवढीशी चूल. ती त्यांनी माझ्याकडं दिली, मीच तिला द्यावी म्हणून. आमची गाडी आधी पोचली. मग चंदगडची गाडी आली आणि आईच्या मागून सुमी उतरली. ती वाढली होती. केस कापले होते. आईनं तिच्या फ्रॉकच्या खिशात भाजलेले काजू घातले होते, ते तिनं मूठ भरून माझ्या हातात दिले. मी भातुकली दिली. दोघींना बोलायचं एवढं होतं की कुणालाच सुरुवात करता येईना. ती म्हणाली, "अक्का, तू आता कुणाच्या कानावर हात ठेवतीस?" मी म्हणाले, "कुणाच्याच न्हाई." आई आणि अण्णा थोडे लांब उभे होते, पाहुण्यांसारखे, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत. तेवढ्यात कोल्हापूरच्या गाडीच्या कंडक्टरनं घंटी दिली. अण्णांनी सुमीला उचलून आत चढवलं. खिडकीतून तिनं भातुकलीतलं जातं वर करून मला दाखवलं, आणि गाडी निघाली.

चंदगडला मी तिच्या जागेवर झोपले. खुंटीला तिचा फ्रॉक होता. कोल्हापुरात ती माझ्या अंथरुणात झोपत होती, जेवणाच्या ओळीत माझ्या जागी बसत होती. सुट्टीभर आईनं माझे फार लाड केले. एकदा मी तिला विचारलं, "आम्ही दोघी एकदम का न्हाई येत? चार दिवस हितं, चार दिवस तिथं?"

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "वकील म्हणालेत, हुकमात आहे त्यापेक्षा इकडंतिकडं काही करायचं नाही. मी तुला चार दिवस जास्त ठेवून घेतलं तर उद्या ते म्हणतील हुकूम मोडला. मग आहे तेही जाईल."

"अण्णा न्हाई म्हणणार तसं."

"तेही तिकडं हेच म्हणत असतील," आई म्हणाली.

खरंच तसं होतं. घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. दोघंही भित्री नव्हती. पण एकेक मुलगी दोघांकडं उरली होती, आणि ती सुद्धा जाईल या भीतीनं त्यांनी तो हुकूम अक्षर न अक्षर पाळला. त्याच्यात दया दाखवायला जागा होती की नव्हती, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. इतक्या प्रामाणिकपणे हुकूम पाळणारी माणसं मला नंतर कोर्टात क्वचितच भेटली.

असं कितीतरी वर्षं चाललं. दर सुट्टीला गडहिंग्लजचा स्टँड. सुरुवातीला आम्ही गाडी लागेपर्यंत एकमेकींचा हात सोडत नसू. मग शाळेच्या गोष्टी, मग मैत्रिणींच्या, मग त्या मैत्रिणी एकीच्या दुसरीला माहीत नसल्यानं तेही कमी झालं. सुमीच्या बोलण्यात चंदगडी हेल आला. ती काय बोलते ते मला कधीकधी दोनदा विचारावं लागायचं. तिला माझं बोलणं दरडावल्यासारखं वाटत असावं, कारण ती उत्तर देताना जरा मागं सरायची. मी कॉलेजला गेले त्या वर्षी तिनं गाडीतून उतरून माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि म्हणाली, "बऱ्या हाय नव्हं तुम्ही?"

आमच्याकडं धाकटी बहीण अक्काला तूच म्हणते. तुम्ही म्हणते ती पाहुण्यांना. तिनं ते मुद्दाम म्हटलेलं नव्हतं. तिच्या तोंडी ते सहज आलं, तेच मला सहन होईना. मी आईबरोबर गाडीत बसले, आणि आईनं विचारलं तेव्हा डोळ्यात धूळ गेली म्हणाले.

नंतर आम्ही सज्ञान झालो, हुकमाची मुदत संपली. आता दोघी कधीही, कुठंही भेटू शकत होतो. तसं आम्ही फारसं केलं नाही. लग्नं झाली, तिचं तिकडं, माझं कोल्हापुरात. एकमेकींच्या घरी साडी-नारळ घेऊन जायचो, जेवायचो, दिवस मावळायच्या आत निघायचो. अण्णा गेले तेव्हा ती आली. पदर सावरून एका कडेला बसली होती. स्वयंपाकघरात कुठं काय ठेवलंय ते तिला माहीत नव्हतं, म्हणून बायका तिला उठू देईनात.

मागच्या वर्षी आई गेली. शेवटपर्यंत ती त्याच गावात राहिली. सगळं आटोपल्यावर माणसं पांगली आणि घरात आम्ही दोघीच उरलो. सकाळी सुमीनं चहा ठेवला. मी दारात बसून होते. पाऊस नव्हता, ओलं मात्र सगळीकडं होतं. ती आतून म्हणाली, "साखर किती घालू तुमाला?"

मी उठून आत गेले. तिच्या हातात चमचा होता. केस पांढरे झालेत तिचे, माझ्यापेक्षा जास्त. मी म्हणाले, "सुमे, आता कोण ऱ्हायलंय? तू म्हण की मला."

ती हसली. "म्हणतो की," ती म्हणाली. कोल्हापुरी ऐकू आलं मला त्यात, कुठून आलं कुणास ठाऊक. तिनं चमचा डब्यात ठेवला, माझ्याकडं तोंड केलं, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी. "अक्का, तू..." आणि पुढचं काही तिला येईना. दोनदा तोंड उघडलं तिनं. मी वाट बघत होते. चहा उतू जायला आला, तसा तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जमंना बघा."

मी म्हणाले, "ऱ्हाऊदे. अर्धा चमचा घाल."